पर्जन्यमापक बसवताय? आधी मोजपात्र बघा

जूनच्या आत तासगावच्या बागेत पर्जन्यमापक नव्यानं बसवायचाय, गेल्या वेळचा घोळ परत नको म्हणून लिहून ठेवतोय.

जागा मोकळी. झाड 5 मीटर उंच असेल तर त्याच्यापासून निदान 10 मीटर लांब. लोक द्राक्षाच्या मांडवाखाली ठेवतात, शेडच्या पागोळीखाली पण ठेवलेला बघितलाय, आता काय बोलायचं. तोंड जमिनीपासून 30 सेंटिमीटर वर, खाली फरशी नको, थेंब उडून आत जातात. गवंड्याची लेव्हल मागून आणा, कड नुसत्या डोळ्यानं बघून सरळ होत नाही.

आता मोजपात्र, म्हणजे आत साठलेलं पाणी ओतून मोजायचं रेघांचं भांडं. नरसाळ्याचं तोंड 200 चौरस सेंटिमीटर असेल तर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 20 मिली पाणी, 100 चं असेल तर 10 मिली. पात्रावर थेट पावसाचे मिलिमीटर छापलेले असतात, म्हणून ज्या नरसाळ्याचं पात्र त्यालाच चालतं. माझं गोठ्यात पडून फुटलं, घाईत दुसरं आणलं, नरसाळं 200 चं आणि पात्र निघालं 100 चं. फळछाटणीनंतर एका सकाळी माझ्या वहीत 36 आणि बांधापलीकडच्या अण्णांकडं 18. अण्णा म्हणाले, "तुझ्या बागंवर येगळा ढग हाय का रं?" मी हसलो, आणि औषध धुतलं समजून डाऊनीची (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) फवारणी परत मारली. डिझेल, औषध, मजुरी, सगळं त्या पात्रापायी. तेव्हा पात्र घेताना 100 का 200 ते वाचा. वाचलं तरी घरी तपासा: जनावरांच्या इंजेक्शनची 20 मिलीची सिरिंज असतेच, सुई काढून पाणी भरा, पात्रात सोडा, 200 वाल्यात बरोबर 1 च्या रेघेवर यायला पाहिजे. 2 वर गेलं की दुकानात परत.

बाकी पटापट. नरसाळ्यातला पाला, कोळ्याची जाळी काढा. आतली बाटली चिरलेली नाही ना बघा. रीडिंग रोज सकाळी साडेआठला, त्याच तारखेला लिहा, पाऊस आदल्या 24 तासांचा. पाणी कडेला वर चढलेलं दिसतं, ते नाही, मधली खालची पातळी धरा, डोळा त्याच उंचीवर. धो धो लागला तर बाटली भरून वाहायच्या आत मधेच मोजा, सकाळच्यात मिळवा. वही, पेन.

आणि एक जादा पात्र आत्ताच आणून ठेवा. 200 चंच.