लिनक्सवरून बाहेरच्या मॉनिटरचा ब्राइटनेस बदलत नसेल तर

लॅपटॉपच्या स्क्रीनचा ब्राइटनेस कीबोर्डवरून बदलतो पण बाहेरच्या मॉनिटरचा ढिम्म हलत नाही, असं होत असेल तर आधी मॉनिटरच्याच बटणांनी मेन्यू उघडा आणि डीडीसी/सीआय (कॉम्प्युटरवरून मॉनिटरला आज्ञा देण्याची सोय) ऑन आहे का बघा, काही मॉनिटरवर ते बंद असतं आणि लोक उगाच ड्रायव्हर बदलत बसतात. ब्राइटनेसची आज्ञा डीडीसी/सीआयच्याच वाटेने, म्हणजे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टसारख्या चित्राच्या केबलमधूनच जाते.

मग डीडीसीयुटिल (ddcutil, अशा आज्ञा पाठवणारा प्रोग्राम) टाका आणि टर्मिनलमध्ये 'ddcutil detect' चालवा, तो मॉनिटर शोधतो. काहीच सापडलं नाही तर आयटूसी-डेव्ह मॉड्यूल (कर्नलचा तुकडा, ज्यातून प्रोग्राम मॉनिटरशी बोलतो) 'sudo modprobe i2c-dev' ने लोड करा. सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवणं) लावल्यावर चालतं आणि नुसतं चालत नाही, तर परवानगीचा घोळ आहे, स्वतःला आयटूसी (i2c) ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या, हे लॉगआउट विसरू नका हां. कायम सुडोने चालवायची सवय मात्र नको.

मॉनिटर सापडला की 'ddcutil setvcp 10 50' चालवा, यातला 10 हा ब्राइटनेसचा कोड आणि 50 ही हवी ती पातळी, कॉन्ट्रास्टचा कोड 12.

तरीही अडलं तर लॅपटॉप आणि मॉनिटरच्या मधला डॉक किंवा स्वस्त अडॅप्टर काढा, थेट केबल लावा. एचडीआर (जास्त उजळ-गडद रंग दाखवणारा मोड) चालू असेल तर तेही बंद करून बघा, काही मॉनिटर तेव्हा ब्राइटनेस लॉक करतात.