पुस्तकं शेवटी घ्या: घरी शिकणाऱ्या मुलांची पातळी ठरवण्याची तयारी

घरी शिकवायचं पक्कं झालं की पहिला हात पुस्तकांकडे जातो. तो आवरा. या यादीत पुस्तकं सगळ्यात शेवटी येतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही दुकानात शिरा, पहिला प्रश्न ठरलेला: ‘कितवीचा सेट?’ शाळेतून काढलेल्या मुलाच्या बाबतीत नेमकं हेच एका शब्दात सांगता येत नाही. पोरगं वाचनात चौथीचं, भागाकारात दुसरीचं आणि प्रश्न विचारण्यात सातवीचं असू शकतं. शाळेला वर्गभर मुलं एकत्र हाकायची असतात, म्हणून ती वयावर इयत्ता लावते. घरात ती अडचण नाही. तेव्हा पातळी विषयागणिक ठरवायची, आणि दोन मुलं असतील तर दोघांची वेगवेगळी.

आधी कागद, कारण नंतर ते मिळवताना चपला झिजतात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, जन्मदाखला, आधार आणि शेवटची दोन प्रगतिपुस्तकं एका फाइलमध्ये लावून ठेवा. पुढे कधी राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून, म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरून बसवायचं ठरलं तर दाखल्याची मूळ प्रत मागतात. प्रगतिपुस्तकातल्या ‘अ-१’, ‘ब-२’ वगैरे श्रेणींवरून पातळी कळत नाही. वर्णनात्मक नोंदी मात्र वाचा. काही नोंदी अख्ख्या वर्गाला एकाच साच्यातल्या असतात हे खरं, पण ‘उच्चार स्पष्ट नाही’, ‘पाढे पाठ नाहीत’ असं काही दिसलं तर बाईंनी ते बघून लिहिलेलं असतं. जुन्या वह्या रद्दीत घालू नका. गणिताच्या वहीत लाल शाई कुठल्या पानापासून वाढली ते शोधा; बऱ्याचदा गाडी तिथेच अडलेली असते.

दाखला हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणी घ्यायची नाही. दोन-तीन आठवडे जाऊ द्या. शाळेत ओरडा खाल्लेलं मूल येणारं उत्तरही गिळतं. मे महिन्याच्या सुट्टीनंतर तर सगळीच मुलं थोडी मागे गेलेली दिसतात, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यातला निकाल अंतिम धरू नका. चाचणी सकाळी, पोटात काही गेल्यावर, वीस मिनिटांच्या वर नाही. घरात ज्याचा आवाज पटकन चढतो त्याने ती घेऊ नये. घेणाऱ्याने मध्ये ‘अरे, हे तर तुला येतं’ म्हणायचं नाही. नुसतं बघायचं आणि नंतर लिहून ठेवायचं.

वाचनासाठी नवं काही शोधायला नको. प्रथम संस्थेचं ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून ज्या कागदावर चालतं, तो मराठीतही आहे आणि कुणालाही वापरता येतो. त्यात चार पायऱ्या आहेत: अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करा. तो सहज वाचला तर गोष्ट द्या, अडखळला तर शब्दांवर या. हा कागद दुसरीच्या वर काही मोजत नाही. त्यामुळे गोष्ट वाचता आली याचा अर्थ एवढाच की पाया आहे. पुढचं पाहायला ई-बालभारतीवरून तिसरी, चौथी, पाचवीच्या मराठीच्या पुस्तकांच्या पीडीएफ घ्या, त्या फुकट आहेत, आणि मुलाने न वाचलेला एकेक उतारा मोठ्याने वाचून घ्या. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं ‘निपुण भारत’ अभियानाचं लक्ष्य आहे. घड्याळ लावायचं तर ते मुलाला दिसू देऊ नका. आणि वेगावर भाळू नका. जोडाक्षरं आणि रफार धडाधड वाचून गेलेल्या मुलाला ‘मग त्या माणसाने असं का केलं?’ विचारलं की कधीकधी ते आपल्याच तोंडाकडे बघत बसतं. असं झालं तर पुस्तक एक इयत्ता खालचं.

इंग्रजी माध्यमातून काढलेल्या मुलांचं वाचन दोन्ही भाषांत तपासा आणि दोन निकाल वेगळे लिहा. इंग्रजी पाचवीचं आणि मराठी दुसरीचं, असा जोड शहरात अगदी नेहमीचा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण मग विज्ञान मराठीतून सुरू करायचा उत्साह एक वर्ष पुढे ढकला. आजवर ‘न्यूमरेटर’ म्हणणाऱ्या मुलापुढे अंश आणि छेद एकदम आले तर गणित येत असूनही चुकतं.

लेखनाला पाच वाक्यांचं श्रुतलेखन पुरतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजू नका, त्या मोठ्यांच्याही होतात. अक्षर गळतं का, जोडाक्षर फुटतं का, दोन शब्द एकमेकांना चिकटतात का, एवढं पाहा.

आता गणित. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण गणितातली फट पुढच्या प्रत्येक इयत्तेत रुंदावते. आधी संख्या. तोंडी ‘एकोणपन्नास’ म्हणा आणि लिहायला सांगा. ५९ लिहिणारं मूल ढ नसतं, त्याने पन्नास ऐकलं आणि नऊ जोडले. आपल्या संख्यानामांचा हा पेच इतका खरा आहे की २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी पद्धत आणली आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. माझं मत त्या पद्धतीच्या बाजूने आहे, निदान घरी चाचपडणाऱ्या मुलापुरतं तरी. मग ‘तीनशे चार’ लिहायला सांगा. ३००४ लिहिलं तर स्थानिक किंमत पक्की नाही, आणि पुस्तक पाचवीचं असलं तरी काम दुसरी-तिसरीचं आहे.

त्यानंतर तीन उदाहरणं, कोऱ्या कागदावर, पेनने. पेन अशासाठी की खोडलेलं दिसलं पाहिजे. पहिलं, ५२ वजा ३८. उत्तर २६ आलं तर मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतंय; हातच्याची वजाबाकी त्याला कधी कळलेलीच नाही, चौथीपर्यंत ती नशिबावर चालली. दुसरं, ६१२ भागिले ६. उत्तर १२ आलं तर मधलं शून्य गिळलं गेलं. भागाकाराची रीत पाठ आहे, अर्थ नाही. अशा मुलाला ‘सहाशे रुपये सहा जणांत वाटले तर एकाला किती?’ विचारा. ते शंभर म्हणेल, आणि मग स्वतःच कागदाकडे परत बघेल. तिसरं, अर्धा अधिक एक तृतीयांश. दोन पंचमांश लिहिणारं मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतंय. त्याला पाचवीच्या अपूर्णांकांवर परत आणल्याशिवाय सातवीच्या गणिताला हात लावू नका, मग वय काहीही असो.

शाब्दिक उदाहरण एकच द्या, पण दोनदा. ‘तीन डझन केळी आणली, आठ खराब निघाली, उरलेली चौघांत सारखी वाटली, प्रत्येकाला किती?’ आधी मुलाने स्वतः वाचून सोडवायचं. अडलं तर तेच तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. ऐकून सात म्हणालं, तर अडचण गणिताची नव्हती, वाचनाची होती. गणिताची पातळी उगाच खाली आणू नका. ही एक गोष्ट शिकवणीवालेसुद्धा तपासत नाहीत.

या सगळ्यावरून इयत्ता कशी काढायची? माझा हिशेब अगदी ढोबळ आहे. जी इयत्ता योग्य वाटते तिच्या आधीच्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणांतली दहा उदाहरणं काढा. आठ किंवा जास्त बरोबर आली तर वरचं पुस्तक घ्या, पाच ते सात आली तर याच पुस्तकाचा दुसरा निम्मा भाग करून मग पुढे जा, त्याहून कमी आली तर आणखी एक पायरी खाली. दोन इयत्तांमध्ये शंका आली तर खालची घ्या. खालचं पुस्तक दोन महिन्यांत संपतं आणि मूल फुशारतं. वरचं पुस्तक वर्षभर आई-मुलाचं भांडण चालू ठेवतं.

अडचण येते ती अकरा वर्षांच्या मुलाला तिसरीचं वाचन द्यायची वेळ आली की. ससा-कासव वाचायला ते तयार होत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. अशा मुलाला पाठ्यपुस्तकच नको. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीवर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, त्यातून विज्ञान, प्राणी, यंत्रं अशा विषयांच्या सोप्या पातळीच्या गोष्टी निवडा. हात बसला की बालभारतीचं ‘किशोर’ मासिक. १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात, आणि ते हातात धरून बसलेलं मूल कुणाला ‘मागे पडलेलं’ वाटत नाही.

घरात धाकटा थोरल्याच्या पुढे गेला तर? गणितात होतंच असं. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर घाला आणि त्यावर फक्त नाव आणि विषय लिहा, इयत्ता नाही. पाहुणे ‘कितवीत रे बाळा?’ विचारणारच, त्यांच्यासाठी वयाप्रमाणे येणारी इयत्ता मुलाला सांगून ठेवा. पाहुण्यांना चाचणीचे निकाल कशाला हवेत.

आणि दोघांना एकत्र बसवता येतील असे विषय वेगळे काढा, नाहीतर शिकवणाऱ्याचा दिवस पुरत नाही. गणित आणि वाचन यांत एक कडी सुटली की पुढचं अडतं, ते ज्याचं त्याचंच. इतिहास, परिसर अभ्यास, चित्रकला यांत तसं नसतं. चौथीला शिवाजी महाराज आहेत आणि सातवीच्या इतिहासातही स्वराज्याची स्थापना आहे. दोघांना घेऊन शिवनेरीला जा, चौथीचा प्रसंग सांगेल, सातवीचा अष्टप्रधान मंडळ समजावेल. एक विषय, दोन वह्या.

पातळी मोकळी सोडायची, पण दहावीचं दार कुठलं ते आजच ठरवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात असं म्हणते. पाच विषय, मराठी माध्यमाचीही सोय, आणि नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे आधी तयार झालेले विषय आधी देता येतात. विषयागणिक पुढे-मागे असलेल्या मुलाला हे सोयीचं. तिच्याच मुक्त मूलभूत शिक्षणात ए, बी, सी असे तीन स्तर आहेत, अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. केंब्रिजची आयजीसीएसई, म्हणजे दहावीच्या तोडीची आंतरराष्ट्रीय परीक्षा, खाजगी विद्यार्थी म्हणून देता येते, पण शुल्क विषयागणिक असतं आणि खिसा जपूनच तिकडे वळावं. एनआयओएसच्या दहावीला गणित सोडता येतं हे ऐकून बरेच पालक खूश होतात. सोडण्याआधी मुलाला अकरावीला काय घ्यायचंय ते बघा; विज्ञान शाखेचं मनात असेल तर गणित ठेवाच. मग उलटी मोजणी करा. बारा वर्षांचं मूल गणितात पाचवीवर असेल तर १४ व्या वर्षी परीक्षेची घाई नको, १६ व्या वर्षी दिली तरी काही बिघडत नाही.

एवढं झालं की चौकात जा. कागदावर मुलागणिक आणि विषयागणिक लिहून न्या: थोरलीचं गणित पाचवी, मराठी सातवी, विज्ञान सहावी, धाकट्याचं गणित चौथी, मराठी दुसरी. सुटी पुस्तकं द्यायला दुकानदार कुरकुरतो, देतो मात्र. मार्गदर्शक, अपेक्षित, सरावपुस्तिका यातलं काही पहिल्या खेपेला घेऊ नका. ज्या विषयाची खात्री नाही त्याची पीडीएफ महिनाभर वापरा, छापील नंतर घ्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी हीच तीन उदाहरणं आकडे बदलून, आणि नवा उतारा घेऊन, पुन्हा तपासा. जूनचा कागद शेजारी ठेवा. ज्या विषयात काहीच हललं नाही तिथे मुलाकडे बघण्याआधी तुम्ही त्या विषयाला आठवड्यातून खरोखर किती वेळ बसलात ते कॅलेंडरवर मोजा, आणि मगच पुस्तक बदलायचं की वेळ, ते ठरवा.