कमी खर्चाचे साधन कसे घडवावे आणि इतरांच्या हाती कसे द्यावे: नागपूरच्या उन्हाळ्यातील एक उदाहरण

कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी एखादे साधन तयार करायचे असेल, तर त्याची किंमत ठरवण्यापूर्वी ते बिघडल्यावर कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न सोडवावा. स्वस्तात घेतलेले साधन पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडून कोपऱ्यात गेले, तर ते त्या घराला फार महाग पडलेले असते. आणि दुप्पट किमतीचे साधन वस्तीतला मिस्त्री वर्षानुवर्षे चालू ठेवू शकत असेल, तर तेच खरे परवडणारे. पुढील सर्व सूचना याच कसोटीतून निघालेल्या आहेत. त्या मोघम राहू नयेत म्हणून एकच उदाहरण घेतले आहे: नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, हातगाडीवर विकली जाणारी पालेभाजी टिकवण्याचे साधन.

या कसोटीचा मोठा पुरावा महाराष्ट्रातच आहे. कठीण खडकात विंधनविहिरी घेण्याचे काम वाढले, तेव्हा त्यांवर बसवलेले बिडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापराला पुरतील अशा परदेशी नमुन्यांवरून केलेले होते. अख्खे गाव दिवसभर उपसू लागले की ते मोडत. जालना आणि सोलापूर येथे ख्रिस्ती मिशनच्या कामातून अधिक दणकट पंप तयार झाले, आणि सोलापूरच्या पंपाच्या आधाराने 1970 च्या दशकात युनिसेफच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क दोन’ घडला. त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला गेला, शिवाय त्याचे भारतीय मानक ठरवले गेले, त्यामुळे अनेक कारखाने एकाच मापाचे सुटे भाग बनवू लागले. तरी एक अडचण उरली. विहिरीत खोल असलेला वॉशर बदलण्यासाठी सगळे पाइप वर ओढावे लागत, आणि ते काम गावातल्या माणसांच्या आवाक्याबाहेरचे होते. पुढच्या ‘मार्क तीन’ नमुन्यात पाइप जागेवर ठेवून दट्ट्या वर काढता येईल अशी रचना केली गेली. पंप अधिक पाणी देऊ लागला असे नाही, पण दुरुस्ती गावाच्या जवळ आली.

आता भाजीकडे वळू. आराखडा काढण्याआधी विक्रेतीचा पूर्ण दिवस तिच्या संमतीने पाहावा: ती कळमन्याच्या बाजारातून माल किती वाजता आणते, पाणी कितीदा शिंपडते, दुपारी गाडी कोठे उभी करते, आणि संध्याकाळी मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) यांतले किती पडत्या भावाने देते किंवा टाकून देते. हिशेब तिच्याच आकड्यांवर करावा. समजा, उन्हाळ्यात रोज साठ रुपयांची भाजी वाया जाते आणि साधनामुळे त्यातली निम्मी वाचते. तर नव्वद दिवसांत 2,700 रुपये वाचतील. साधनाची किंमत, पाण्याचा खर्च आणि दुरुस्ती हे सर्व या रकमेत एका हंगामात बसले पाहिजे, कारण दोन वर्षांनी फिटणारी गुंतवणूक करण्याइतकी सवड तिच्याकडे नसते. जमल्यास ही रक्कम बचत गटाच्या हप्त्यात बसते का, तेही पाहून घ्यावे.

यानंतर निसर्गाचा नियम तपासावा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. माठ आणि कूलर याच तत्त्वावर चालतात. परंतु हवा जितकी कोरडी, तितकाच हा उपाय प्रभावी. दोन साधे तापमापक घ्यावेत, एकाच्या फुग्याला ओली सुती वात गुंडाळावी आणि दोन्ही सावलीत, वाऱ्यावर टांगावेत. ओल्या तापमापकावर जो आकडा दिसेल, त्याच्या खाली बाष्पीभवनाने गारवा नेता येत नाही. मे महिन्यात दोन्ही आकड्यांत मोठे अंतर दिसते, जुलैत ते फार कमी होते. हे मोजमाप जवळजवळ फुकट होते आणि पुढचा पुष्कळ निरर्थक खर्च वाचवते. म्हणून ते टाळू नये.

या तत्त्वावरचे दोन नमुने आधीच सिद्ध झालेले आहेत आणि ते समजून घेतल्याशिवाय नवा शोध लावायला बसू नये. उत्तर नायजेरियातील शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी 1990 च्या दशकात मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरण्याची पद्धत लोकांपर्यंत पोहोचवली. दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ विटांचा असतो: दुहेरी भिंत, मध्ये सुमारे साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू, वर बांबू आणि वाळ्याचे किंवा गोणपाटाचे झाकण. आरंभी तो पूर्ण भिजवतात आणि मग सकाळ-संध्याकाळ पाणी देतात. कोरड्या हवेत आतले तापमान बाहेरच्यापेक्षा 10 ते 15 अंशांनी कमी राहू शकते.

मग तोच जसाच्या तसा का बांधू नये? येथेच खरे काम सुरू होते. भाड्याच्या खोलीत राहणारी विक्रेती घरमालकाच्या अंगणात विटांचे बांधकाम करू शकत नाही, आणि उद्या खोली बदलावी लागली तर ते सोबत नेता येत नाही. ज्या वस्तीत पाणी टँकरने येते तेथे शीतकक्षाला दिलेली प्रत्येक बादली पिण्याच्या पाण्यातून वजा होते. म्हणून साधन सुटे होणारे, एका माणसाला उचलता येणारे आणि मोजक्या पाण्यावर चालणारे हवे. भाजी बाजारात मिळणारा प्लास्टिकचा जाळीदार क्रेट, त्याभोवती लाकडी पट्ट्यांची चौकट, चौकटीवर कूलरला लावतात ती वुडवूलची, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची ताटी किंवा दुहेरी गोणपाट, आणि वर भोके पाडलेला पाण्याचा डबा, एवढ्या सामग्रीत पेटीचा पहिला नमुना होतो. कूलर दुरुस्त करणारे कारागीर नागपुरात प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. ताटी बदलण्याचे काम त्यांच्या हातचेच आहे, हे या नमुन्याचे मोठे बळ आहे. बोअरचे जड पाणी वापरल्यास क्षारांचा पांढरा थर साचून ताटीतून पाणी झिरपेनासे होते, हे मात्र आधीच गृहीत धरावे आणि ताटी खिळ्याने न ठोकता दोरीने बांधावी.

चाचणी प्रयोगशाळेत नव्हे, गाडीजवळ करावी. एकाच जुडीचे दोन भाग करून एक पेटीत आणि एक नेहमीच्या ओल्या फडक्याखाली ठेवावा. सकाळी, संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी दोन्हींचे वजन घ्यावे. तुलना उघड्या भाजीशी करू नये, कारण ओले फडके ती आजही वापरतेच, आणि त्याहून पेटी सरस ठरली तरच पैसे मागण्याचा अधिकार पोहोचतो. चाचणीसाठी तिचा वेळ आणि माल जातो. त्याचा मोबदला द्यावा. तिने सुचवलेला प्रत्येक बदल तिच्या नावाने नोंदवावा, अर्थात नाव छापण्यास तिची हरकत नसेल तर.

नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याला, 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आहे. ग्रामोद्योगाची अवजारे लोकांनी पाहावीत, हाताळावीत आणि आपल्या गावी बनवावीत, हा त्यामागचा हेतू होता. साधन इतरांच्या हाती देणे म्हणजे त्याची जाहिरात करणे नव्हे; दुसऱ्याला ते आपल्याशिवाय बनवता आले पाहिजे. म्हणून साधन कसे बनवावे हे सांगणाऱ्या पत्रकात मापे इंच आणि सुतांत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) द्यावीत, कारण सुतार त्याच मापांत काम करतात. प्रत्येक वस्तू कोणत्या प्रकारच्या दुकानात मिळते आणि ती न मिळाल्यास काय चालेल, हे लिहावे. मराठी आणि हिंदी पत्रकासोबत बोलून केलेली ध्वनिफीत व्हॉट्सअ‍ॅपवर द्यावी. गडचिरोलीकडे काम असेल तर ती गोंडीतही असावी.

कायदेशीर बाजू थोडक्यात. भारतात पेटंटची मुदत 20 वर्षे असते, आणि अर्ज करण्यापूर्वी प्रसिद्ध झालेल्या रचनेवर सहसा पेटंट मिळत नाही. रचना खुली ठेवण्याचे ठरले असेल, तर ती तारखेसह, सर्व मापांसह प्रसिद्ध करावी, म्हणजे दुसऱ्या कोणाला तिच्यावर हक्क सांगणे कठीण जाईल. पत्रकाच्या मजकुराला व चित्रांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना ते ठरावीक अटींवर मोकळेपणी वापरू देणारा परवाना लावता येतो. प्रत्यक्ष वस्तूसाठी मात्र सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या ‘सर्न ओपन हार्डवेअर लायसन्स’सारखा, त्याच कामासाठी लिहिलेला परवाना पाहावा.

पत्रकाच्या पहिल्याच पानावर, मापांच्याही आधी, साधन कोठे आणि केव्हा चालत नाही ते ठळक छापावे. पावसाळ्यात हवा दमट झाल्यावर ही पेटी गारवा देत नाही आणि ओल्या गोणपाटाला बुरशी येते. तेव्हा ताटी काढून, उन्हात वाळवून ठेवावी. कोकणातल्या दमट हवेत तर ती उन्हाळ्यातही फारशी उपयोगी नाही, आणि तेथून कोणी विचारणा केली, तर त्याला ती बनवू नका असे स्पष्ट कळवावे.