दिवाळीनंतरची फुलबाग: सिकेटर सगळ्यांवर एकाच दिवशी नको

दिवाळीच्या तोंडावर घर झाडून-पुसून झालं की आमच्याकडे मोर्चा अंगणाकडे वळतो. विळा, खुरपं, सिकेटर (छाटणीची कात्री) बाहेर निघतं आणि संध्याकाळपर्यंत जास्वंद, मोगरा, शेवंती, गुलाब सगळे एका उंचीचे होतात. अंगण स्वच्छ दिसतं, पाहुणे कौतुक करतात. हिशोब नंतर कळतो. शेवंती बिनफुलाची राहते आणि एप्रिलमध्ये शेजारच्या मोगऱ्याचा वास आपल्या ओट्यावर येतो, आपला मात्र नुसता पाल्याने भरलेला.

हे मी स्वतः करून बसलोय. आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या घराजवळच्या, मोगऱ्याच्या बारा-पंधरा झाडांची भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कटाई केली. पंधरा दिवसांत लुसलुशीत फूट आली, मला आनंद झाला. पुढे थंडी वाढली, ती फूट तिथंच थिजली आणि उन्हाळ्यात निम्मीही फुलं मिळाली नाहीत. तेव्हापासून मी झाडाला आधी एकच विचारतो: तू फुलणार कधी? त्यावरून कापायची वेळ ठरते. आपल्याला सुट्टी कधी आहे, यावरून नाही.

कुठल्याही कामाआधी वाफसा, म्हणजे मातीत काम करण्याजोगी ओल, आहे का बघा. मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी ६७९ मिलिमीटर, पण हल्ली तो सरासरीने पडतच नाही. २०२५च्या सप्टेंबरात बीड-धाराशिवकडे शेतंच्या शेतं पाण्याखाली होती. काळ्या जमिनीत परतीच्या पावसाचं पाणी आठ-आठ दिवस मुरत नाही. ओल्यात झाडाभोवतीचं आळं खणलं तर माती चिकट ढेकळासारखी दबते, वाळल्यावर विटेसारखी होते आणि मुळं त्यातच कोंडतात. मूठभर माती दाबून सोडा. गोळा बोटाच्या टिचकीने फुटला तर खुरपं घ्या, नाहीतर थांबा. पाणी साचलेल्या वाफ्याला चर काढून वाट करून देणं, हे एकच काम ओल्यात चालतं.

गुलाब

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे पाऊस खरोखर थांबल्यावर, छाटणीचा पहिला मान गुलाबाचा. आधी आठ-दहा दिवस पाणी तोडा. ग्लॅडिएटरसारख्या मोठ्या फुलाच्या जातीला चार-पाच निरोगी, पेन्सिलपेक्षा जाड फांद्या ठेवून बाकी बुडातून काढा आणि ठेवलेल्या फांद्या फूट-दीड फुटावर कापा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (फूट निघते त्या जागेच्या) थोडं वर, तिरका काप. आतल्या डोळ्यावर कापलं तर फांद्या झाडाच्या पोटात शिरतात, वारा खेळत नाही आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) हटत नाही. गावठी गुलाबाला एवढं कडक कापू नका. वाळलेलं आणि एकमेकांत गुंतलेलं काढलं तरी त्याला पुरतं.

डोळा भरलेल्या जागेच्या खालून आलेला फुटवा जोमदार दिसतो म्हणून अनेक जण तो जपतात. तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या झाडाचा, जंगली फुटवा आहे. वर्षभरात तो वरच्या कलमाला खाऊन टाकतो. माती बाजूला करून निघाला तिथून ओढून काढा. वरून कापलात तर एकाचे तीन होतील.

कापलेल्या टोकाकडून खाली काळी पडत जाणारी फांदी म्हणजे शेंडेमर. पांढरा, निरोगी गर दिसेपर्यंत खाली कापत जा आणि कापांवर बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी हे तिचं प्रमाण. घरच्या दहा झाडांना १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर खूप झालं. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवू नका, प्लॅस्टिकची घ्या. रोगट झाडावरून निरोगी झाडाकडे जाताना सिकेटरचं पातं स्पिरिटच्या फडक्याने पुसायचं. याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, मलाही येतो.

छाटणीनंतर प्रत्येक आळ्यात दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड, मग पाणी. दीड-दोन महिन्यांत फूल. नव्या फुटीची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर युरियाची गोणी उघडू नका. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही, त्याची ही खूण. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून ऊन उतरल्यावर फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा.

शेवंती, मोगरा आणि बाकीचे

शेवंतीला आता सिकेटर दाखवूच नका. शेंडे खुडायचे दिवस आषाढ-श्रावणात संपले. रात्र मोठी झाली की शेवंती कळी धरते. झिपरी असो की रेवडी, तिचं घड्याळ अंधारावर चालतं. म्हणून एक गोष्ट तपासा: वाफ्यावर रात्रभर हॅलोजन किंवा रस्त्याचा दिवा पडतो का? पडत असेल तर झाड हिरवंगार वाढतं आणि कळी लांबत जाते. अंगणातल्या शेवंतीला खत घालून थकलेले लोक मी पाहिलेत. दोष खताचा नव्हता, वरच्या बल्बचा होता. दिवा बंद करता येत नसेल तर कुंडी हलवा, किंवा उजेडाच्या बाजूला गोणपाट लावा. सध्या फक्त खालची वाळकी पानं काढा, काठीचा आधार द्या, पाणी बुडाशी द्या. मावा दिसला तर ५ टक्के निंबोळी अर्क. फुलं संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, झाड वीतभर ठेवून कापायचं. त्याच्या बुडातून निघणाऱ्या मुनव्या म्हणजे पुढच्या वर्षीची रोपं.

मोगऱ्याला नोव्हेंबरपासून पाणी कमी करत डिसेंबरात तोडा. पानं पिवळी पडतील, गळतील, झाड मेल्यासारखं दिसेल आणि घरातलं कोणीतरी दयेने तांब्याभर पाणी ओतेल. त्याला आवरा. लातूर-धाराशिवकडची येळवस (वेळ अमावास्येचा सण) झाली की, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, जमिनीपासून दीड फुटावर छाटणी करा, आळं खणून शेणखत द्या आणि मगच भरपूर पाणी. ही विश्रांती मिळालेला मोगरा मार्चपासून कळ्यांनी लगडतो. जुईला हेच, महिनाअखेरीस.

कुंदाचा मात्र हिवाळाच बहराचा आहे. त्याची छाटणी फुलं संपल्यावर.

निशिगंधाच्या, म्हणजे आपल्या गुलछडीच्या, फुलून गेलेल्या दांड्या बुडातून काढा आणि वाळकी पानं ओढून घ्या. हिरव्या पानांना हात नको, कंद त्यांच्यावरच पोसतो. थंडीत दांड्या कमी येतात, त्याची काळजी नसावी. वाफा तीन वर्षांचा झाला असेल आणि दांडी बारीक पडत असेल तर पानं पिवळी पडू लागल्यावर कंद खणून सावलीत सुकवा. एप्रिल-मेमध्ये मोठे कंद नव्या जागी. कर्दळीचं सोपं आहे: फुललेला दांडा जमिनीलगत कापायचा, गड्डे दाटले असतील तर फोडून शेजाऱ्यांना वाटायचे.

जास्वंदीची छाटणी थंडी सरल्यावर, फेब्रुवारीअखेर. आत्ता तिच्या शेंड्याकडे पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो का ते बघा. तो पिठ्या ढेकूण. जास्वंद आणि कपाशी एकाच कुळातल्या, त्यामुळे अंगणाशेजारी पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळल्या काड्यांची) गंजी रचली की हा पाहुणा हमखास येतो. बारीक लागण असेल तर साबणाच्या पाण्याने बोळ्याने पुसा, जास्त असेल तर शेंडा कापून पिशवीत बंद करा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा, कारण त्या ढेकणाला इकडून तिकडे नेतात आणि त्याच्या शत्रूंना हाकलतात.

झेंडूचं काय करायचं?

दसऱ्याला भाव, दिवाळीला कधी भाव तर कधी रस्त्याच्या कडेला ढीग, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. पीक संपल्यावर रान तसंच सोडू नका. वाळत्या झेंडूवर लाल कोळी पोसतो आणि तिथून शेवंतीवर उतरतो. जाळी धरलेली, करपलेली झाडं वेगळी काढा. बाकीची बारीक तोडून जागेवरच मातीत गाडा, मुळांसकट. झेंडूच्या मुळांमुळे गाठी करणारे सूत्रकृमी दबतात, म्हणून त्या वाफ्यात पुढे वांगी-टोमॅटो घेणाऱ्याचा फायदा होतो. बी धरायचं असेल तर गावठी झाडाचं, निरोगी आणि पूर्ण वाळलेलं बोंड घ्या. संकरित कलकत्ता झेंडूचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच फूल येईल ही आशा ठेवू नका.

तोरणं, माळा आणि देवळातलं निर्माल्य यांचं उत्तम खत होतं, पण सुतळी, नायलॉनचा दोरा आणि चमकी निवडून काढल्यावरच.

कचरा जाळायचा नाही

अंगणातला पालापाचोळा गोळा करून काडी लावणं ही आपली जुनी खोड. मार्चनंतर ज्या भागात टँकरची वाट बघावी लागते, तिथं आच्छादन जाळणं परवडत नाही. वाळला पाला, सोयाबीनची गुळी, कडब्याचा चुरा, जे असेल ते आळ्यात तीन-चार बोटं जाड पसरा. खोडाला मात्र चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा; नाहीतर बूड सडतं आणि हलक्या जमिनीत वाळवी चढते. रोगट पानं, भुरीचे शेंडे आणि बी धरलेलं गवत यांत घालायचं नाही.

कण्हेरीची छाट वेगळी ठेवा. तिचं पान, फांदी, सगळंच विषारी. शेळी किंवा वासरू तोंड घालेल अशा जागी टाकू नका, चुलीतही नको. आणि पावसाळाभर पडून राहिलेल्या ढिगात हात घालण्याआधी काठीने तो हलवा. घोणस पाचोळ्याच्याच रंगाची असते.

तण

गाजरगवत फुलाआधी मुळासकट उपटा, हातमोजे घालून, कारण अनेकांना त्याची खाज उठते. पावसाळ्यात त्याच्यावर पट्ट्यापट्ट्यांचा भुंगा दिसला तर तो मेक्सिकन भुंगा. त्याला मारू नका, तो तुमचंच काम करतोय. लव्हाळा वरून खुरपून काही होत नाही. खालच्या गाठी राहिल्या की आठवड्यात पुन्हा उभा. ओल असेपर्यंत खोल खणून गाठी वेचून उन्हात टाका. कुंदा नावाचं गवत शेजारच्या बांधावरून आलं असेल तर त्याचंही तेच.

लॉन

आयुष्यभर शेतातून हरळी खणून काढणारा माणूस घरापुढे पैसे देऊन हरळीचं लॉन लावतो, हा मराठवाड्यातला मोठा विनोद. पण लावलंय तर नीट राखा. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा बऱ्याचदा दहाच्या खाली जातो, तेव्हा हरळी वाढत नाही. म्हणून लॉनची मोठी कामं दिवाळीनंतरच्या पंधरा दिवसांत उरका.

पहिल्यांदा दाताळ्याने खरवडून वाळक्या काड्यांचा थर काढा. गवत उंच गेलं असेल तर एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका. सपाटून भुंडं केलं की लव्हाळ्याला ऊन मिळतं. काळ्या मातीवरचं लॉन दबून पत्र्यासारखं झालं असेल तर काट्याने वीत-वीतभर अंतरावर भोकं पाडा आणि चाळलेलं शेणखत, माती, वाळू यांचा बोटभर थर झाडूने भोकांत लोटा. वाफसा असताना हजार चौरस फुटांना किलोभर युरिया पुरतो. मूठमूठ फेकून लगेच पाणी द्या. एके ठिकाणी पडला तर जळका डाग उठतो.

मधेच पिवळा पट्टा पडला, तिथं साळुंक्या-कावळे टोचताना दिसले आणि गवत सतरंजीसारखं उचलून येत असेल तर खाली हुमणी आहे. आत्ता अळ्या वरच्या थरात असतात. माती उकरून वेचा, पक्ष्यांना खाऊ द्या, आणि शेणखतात मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) मिसळून ओल्या मातीत घाला. तिचे भुंगे पहिल्या पावसाला कडुनिंब-बाभळीवर येतात, म्हणून अंगणाकडेच्या कडुनिंबाखाली जूनमध्ये रात्री फांद्या हलवून ते गोळा करणं हा खरा इलाज आहे.

पाण्याचा हिशोब मात्र आजच करा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर लॉनला उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर द्यायचं तर साडेचारशे लिटरच्या वर पाणी लागतं. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते विसरण्याइतके आपण लांब आलेलो नाही. माझं मत विचाराल तर मोठ्या लॉनचा अर्धा भाग यंदाच मोडून तिथं मोगरा आणि कण्हेर लावा. उरलेल्याला मार्चपासून आठवड्याला एकदा, पहाटे पाणी द्या, तेही जमलं नाही तर सोडून द्या. हरळी पिवळी पडते, मरत नाही. मे महिन्यात ती वाळलेली बघून कोणी माती टाकून नवं लॉन विकायला आला तर त्याला जूनमध्ये या म्हणावं. मृगाच्या दोन सरी पडल्या की आठ-दहा दिवसांत त्याच कांड्यांतून हिरवं फुटतं.