भोवरा जास्त वेळ फिरवायचाय? आधी आर बघा

भोवरा लवकर पडत असेल तर हाताला दोष देण्याआधी आर, म्हणजे भोवऱ्याच्या टोकाचा खिळा, तपासा. आर जमिनीला टेकते तिथलं घर्षण फिरण्याचा वेग खातं, आणि टेकणारा भाग जितका रुंद तितका वेग लवकर संपतो. गंजलेली, खडबडीत आर पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. पण सुईसारखी टोकदार नको, ती मातीत रुतते.

शिवाय घर्षण निव्वळ शत्रूही नाही. तिरका पडलेला भोवरा थोड्या वेळात ताठ उभा राहतो तो याच घर्षणामुळे: गोलसर टोक जमिनीवर घसरत असताना तिथला जोर भोवऱ्याची आस हळूहळू उभी करतो. मला हा भोवऱ्यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. म्हणून टोक किंचित गोल ठेवा आणि जागा कडक निवडा. शहाबादी फरशी उत्तम, भुसभुशीत माती वाईट.

जाळीला, म्हणजे भोवऱ्याला गुंडाळायच्या दोरीला, मात्र भरपूर घर्षण हवं. नायलॉनची दोरी लाकडावरून सटकते आणि झटका वाया जातो. सुती जाळी घ्या, जरा ओली करा आणि आरेपासून वर, वेढ्याला वेढा चिकटवत घट्ट गुंडाळा.