मे महिन्याची सुट्टी आणि जपानचा गोल्डन वीक: तारखा कशा जुळवाव्यात

1 मेची महाराष्ट्र दिनाची सुट्टी, तिला शनिवार-रविवार जोडायचा आणि निघायचं, असा हिशेब मांडून बरीच मंडळी जपानची तिकिटं काढतात. उतरतात तेव्हा तिकडे गोल्डन वीक, म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा सुट्ट्यांचा जोड, ऐन भरात असतो. हॉटेलांचे दर चढलेले, क्योटोच्या सिटी बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, शिंकानसेन या बुलेट ट्रेनच्या राखीव जागा संपलेल्या. हीच सहल आठवडाभर पुढे सरकवली तर हवा तशीच छान मिळते आणि गर्दी बरीच ओसरलेली असते. पण त्यासाठी जपानी सुट्ट्यांचं कॅलेंडर वाचता यायला हवं, आणि ते दिसतं तितकं सरळ नाही.

यादी वाचायची कशी

जपानमध्ये वर्षाला 16 राष्ट्रीय सुट्ट्या असतात. तिथलं मंत्रिमंडळ कार्यालय चालू आणि पुढच्या वर्षाच्या तारखा जाहीर करतं. तीच यादी प्रमाण धरा, कुठल्यातरी ट्रॅव्हल साइटवरची जुनी यादी नको. काही सुट्ट्यांची तारीख ठरलेली असते, काहींचा वार ठरलेला असतो (उदाहरणार्थ जुलैचा तिसरा सोमवार), आणि मार्च-सप्टेंबरमधल्या दोन संपातदिनांची (दिवस-रात्र समान असतात ते दिवस) तारीख खगोलगणितावरून ठरते. ती आदल्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला राजपत्रात छापून येते. पंचांग बघून सण ठरवणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही.

खरी मेख दोन नियमांत आहे. पहिला नियम: सुट्टी रविवारी आली तर ती बुडत नाही, पुढच्या पहिल्या मोकळ्या दिवशी भरून मिळते. 2026 मध्ये 3 मे रविवारी आहे. सोमवार 4 आणि मंगळवार 5 या आधीच सुट्ट्या, म्हणून भरपाईची सुट्टी उडी मारून बुधवारी, 6 मेला जाते. दुसरा नियम: दोन सुट्ट्यांच्या मधे एकच कामाचा दिवस अडकला तर तोही सुट्टीचा होतो. 2026 मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या सन्मानाची सुट्टी सोमवारी 21 सप्टेंबरला आणि शरद संपात बुधवारी 23 ला, त्यामुळे 22 तारखेलाही सुट्टी. शनिवार 19 पासून सलग पाच दिवस. याला तिकडे सिल्व्हर वीक म्हणतात आणि तो दरवर्षी येत नाही. त्यात भर म्हणजे 19 सप्टेंबरलाच नागोया आणि आइची परिसरात आशियाई क्रीडा स्पर्धा सुरू होतात.

आता यादीत नसलेल्या सुट्ट्या. ओबोन, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाचे दिवस, बहुतेक भागांत 13 ते 16 ऑगस्ट. आपल्या पितृपक्षाशी नातं सांगणारा हा सण राष्ट्रीय सुट्ट्यांमध्ये नाही, पण कंपन्या बंद असतात आणि लोक गावी जातात. नवीन वर्षाचंही तसंच: यादीत फक्त 1 जानेवारी दिसते, प्रत्यक्षात सरकारी कार्यालयं 29 डिसेंबर ते 3 जानेवारी बंद. यादीवर डोळे मिटून विसंबणारा या दोन ठिकाणी हमखास फसतो.

मे महिन्याचा हिशेब

2026 चा मुख्य जोड 2 ते 6 मे, 2027 चा 1 ते 5 मे. त्याआधी 29 एप्रिलची सुट्टी एकटी उभी असते. मधले एक-दोन दिवस रजा टाकून अनेकजण सगळा आठवडा साधतात, म्हणून 29 एप्रिल ते 6 मे हा पूर्ण पट्टा वर्ज्य माना.

कॅलेंडरवर तीन रंगांनी खुणा करा. जपानच्या सुट्ट्या लाल, मुलांच्या शाळेची सुट्टी हिरवी, पावसाळा निळा. टोकियो आणि क्योटो-ओसाका भागात पाऊस सरासरीने जूनच्या पहिल्या आठवड्यात धरतो, ओकिनावात मात्र मेच्या दुसऱ्या आठवड्यातच. उरतो तो 8 मे ते 5 जूनचा पट्टा, आणि शाळेची सुट्टी त्यात आरामात बसते. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, मिळणार नाही, पण तो गोल्डन वीकमध्येही टोकियो-क्योटोत नसतोच. तातेयामा पर्वतातल्या रस्त्याकडेची बर्फाची भिंत बघायची असेल तर मेअखेरही ती उभी असते, फक्त एप्रिलपेक्षा ठेंगणी. एक त्रास राहतो: मे-जूनमध्ये जपानी शाळांच्या सहली क्योटो-नाराला येतात. नारातल्या तोदाइजी मंदिराचं दार सकाळी साडेसातला उघडतं, गणवेशातल्या मुलांच्या बस यायच्या आधी आत असावं.

तारखा हलवताच येत नसतील तर

मग शहरांचा क्रम हलवा. सुट्टीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत लोंढा टोकियोतून बाहेर पडतो आणि शेवटच्या दोन दिवसांत परततो. तुम्ही उलट्या दिशेने चाला. सुरुवातीला ओसाकाला उतरा, गर्दी बाहेर येत असताना टोकियोकडे जा आणि सुट्टीचे मधले दिवस टोकियोत काढा. मोठ्या सुट्टीत टोकियोचे कचेऱ्यांचे भाग बऱ्यापैकी रिकामे असतात आणि तिथली बिझनेस हॉटेलं क्योटोच्या मानाने परवडतात. हाकोने, निक्को, क्योटो हे त्या आठवड्यात टाळाच. एक्स्प्रेसवेवर 30-40 किलोमीटर लांब कोंडी होते, त्यामुळे लांबच्या बसचा बेतही करू नका.

हॉटेल शोधताना ‘क्यूझेंजित्सु’ हा शब्द लक्षात ठेवा: सुट्टीच्या आदल्या रात्रीचा दर. एरवी शनिवारची रात्र महाग आणि रविवारची स्वस्त. पण सोमवारी सुट्टी असली की रविवारची रात्रही शनिवारच्या भावात जाते. रियोकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी निवासात, हा फरक चांगलाच जाणवतो. रियोकानचा हट्ट असेल तर तो मंगळवार ते गुरुवारमध्ये पुरवा.

रेल्वे: तिकीट महागत नाही, संपतं

शिंकानसेनचं भाडं विमानासारखं उसळत नाही. ऐन गर्दीच्या दिवशीही राखीव जागेला नेहमीपेक्षा 400 येनच जास्त पडतात. अडचण जागेची आहे. गोल्डन वीक, ओबोन आणि नववर्ष या तीन काळांत टोकियो-ओसाका मार्गावरच्या ‘नोझोमी’ गाड्यांचे सगळे डबे राखीव असतात. ‘हिकारी’ आणि ‘कोदामा’ला बिनराखीव डबे राहतात, पण तिथे रांगेत उभं राहण्याची तयारी हवी.

आरक्षण प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी, जपानी वेळेनुसार सकाळी 10 ला उघडतं. भारतात तेव्हा साडेसहा वाजलेले असतात. 4 मेचा प्रवास असेल तर 4 एप्रिलला पहाटे सव्वासहाला खातं उघडून, कार्डाची माहिती भरून बसायचं. ऐनवेळी कार्डाचा ओटीपी आला नाही म्हणून गाडी गेली, असं होऊ नये यासाठी कार्डावर परदेशी व्यवहार आदल्या दिवशीच सुरू करून ठेवा. टोकियोजवळच्या घिबली या ॲनिमेशन स्टुडिओच्या संग्रहालयाच्या तिकिटांनाही हेच घड्याळ: पुढच्या महिन्याची विक्री चालू महिन्याच्या 10 तारखेला, त्याच साडेसहाला.

बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर गेली तर सामानाच्या जागेसह असलेली सीट आरक्षित करावी लागते. त्याचे वेगळे पैसे नाहीत, पण न करता चढलात तर 1000 येन भरावे लागतात. आपल्याकडच्या मोठ्या बॅगा चाकं आणि मुठीसकट मोजल्या की ही रेघ सहज ओलांडतात, तेव्हा टेप घेऊन घरीच मोजा. हॉटेल ते हॉटेल सामान पोचवणारी ताक्क्युबिन सेवा सोयीची आहे. एरवी दुसऱ्या दिवशी पोचणारी बॅग सुट्ट्यांत आणखी एक दिवस घेऊ शकते, म्हणून दोन दिवसांचे कपडे जवळच्या पिशवीत राहू द्या.

सोमवारचा सापळा

बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सोमवारी राष्ट्रीय सुट्टी आली तर ती उघडी राहतात आणि मंगळवारी बंद होतात. उएनोचं टोकियो राष्ट्रीय संग्रहालय असंच चालतं. ‘सोमवार नको’ म्हणून मंगळवारी पोचलेला माणूस बंद दारासमोर उभा राहतो. हिरोशिमाचं शांती संग्रहालय मात्र सोमवारीही उघडं असतं.

दिवाळी आणि नाताळ

2026 ला लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. 3 नोव्हेंबरची जपानी सुट्टी तोवर होऊन गेलेली, म्हणजे दिवाळीचा आठवडा मोकळा. फक्त क्योटोची लाल पानं बघायला 21 ते 23 नोव्हेंबरला थांबू नका. 23 ची सुट्टी सोमवारी आल्यामुळे वर्षातल्या सगळ्यात दाट गर्दीच्या दिवसांपैकी ते असतात.

डिसेंबरअखेर जाणाऱ्यांनी 31 ते 2 जानेवारीच्या जेवणाची सोय आधी बघावी. छोटी उपाहारगृहं बंद असतात आणि शाकाहाऱ्यांना आधीच मोजकी ठिकाणं. टोकियोच्या निशिकासाई भागातल्या भारतीय हॉटेलांनाही विचारूनच निघा, आणि चिवडा-खाकऱ्याची दोन पाकिटं बॅगेत असू द्या. बँका 31 डिसेंबर ते 3 जानेवारी बंद, पण सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे निघतात. 2 जानेवारीला टोकियोतल्या राजवाड्याचं आतलं आवार लोकांसाठी खुलं होतं आणि सम्राट सज्जात येऊन अभिवादन स्वीकारतात.

व्हिसा

एकदाच प्रवेश देणारा पर्यटक व्हिसा मिळाल्यापासून तीन महिने चालतो, त्यामुळे मेच्या सहलीसाठी जानेवारीत घाई करून उपयोग नाही. मार्चच्या मध्यापासून कागद लावा. मुंबईतल्या जपानी वाणिज्य दूतावासात भारतीय सणांबरोबर जपानमधल्याही काही सुट्ट्या पाळल्या जातात. त्याची स्वतःची सुट्ट्यांची यादी उघडून ते दिवस आपल्या मोजणीतून वजा करा.