‘स्विस’ आणि ‘बाउहाउस’ पद्धतीचं डिझाइन करताना या चुका टाळा

हेल्वेटिका या टाइपातली (म्हणजे छपाईच्या अक्षरवळणातली) एक मोठी ओळ, लाल वर्तुळ, डाव्या कोपऱ्यात बारीक मजकूर. एवढं जमवून खाली ‘स्विस स्टाइल’ (विसाव्या शतकाच्या मध्याची स्वित्झर्लंडमधल्या डिझाइनरांची शैली) असं लिहायचं आणि पोर्टफोलिओत टाकायचं, हे आता सर्रास चालतं. ज्यांनी ही शैली घडवली, त्यांचा प्रत्येक निर्णय छपाई, टाइप, भाषा आणि गिऱ्हाईक यांच्याशी बांधलेला होता. ती कारणं न बघता नुसतं रूप उचललं की काम ठरावीक जागी फसतं.

हेल्वेटिका लावली म्हणजे स्विस झालं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. स्विस डिझाइनर योझेफ म्युलर-ब्रोकमान यांचं झुरिकच्या टोनहाले या संगीत-सभागृहासाठी केलेलं बेथोव्हेनचं पोस्टर १९५५ सालचं आहे. हेल्वेटिका तेव्हा जन्मालाच आलेली नव्हती. माक्स मीडिंगर आणि एडुआर्ड होफमान यांनी हास फाउंड्रीसाठी (फाउंड्री म्हणजे टाइप तयार करणारा कारखाना) केलेला टाइप १९५७ मध्ये आला, तोही ‘नॉय हास ग्रोटेस्क’ या नावाने. ‘हेल्वेटिका’ हे नाव त्याला १९६० मध्ये मिळालं. आद्रियान फ्रुटिगर यांचा युनिव्हर्स हा टाइपही १९५७ चाच. म्हणजे पन्नाशीच्या दशकातल्या ज्या पोस्टरांवरून आपण ही शैली ओळखतो, त्यातली बरीचशी बर्लिनच्या बेर्टहोल्ड फाउंड्रीच्या अक्सिडेन्झ ग्रोटेस्कमध्ये आहेत. हा टाइप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, छापखान्यांतल्या किरकोळ कामांसाठी काढलेला.

यानं फरक काय पडतो? खूप पडतो. हेल्वेटिकात सी, ई, एस या अक्षरांची टोकं आडवी कापलेली असतात, त्यामुळे अक्षर स्वतःत मिटल्यासारखं होतं आणि ओळ घट्ट दिसते. अक्सिडेन्झची टोकं तिरकी, अक्षरांच्या रुंदीत चढउतार जास्त, पोत थोडा खडबडीत. मोठ्या रिकाम्या जागेत हाच खडबडीतपणा ओळीला जिवंत ठेवतो. हेल्वेटिका त्याच मापात टाकली की ओळ कंपनीच्या नावाच्या पाटीसारखी दिसायला लागते. मग ‘काहीतरी कमी आहे’ असं वाटून लोक वर्तुळ मोठं करतात, नंतर अजून एक रंग घालतात.

तपासायला सोपं आहे. मोठ्या आकारात सी आणि एसची टोकं बघा, मग आरचा पाय बघा. हेल्वेटिकात तो जवळजवळ उभा उतरतो, अक्सिडेन्झमध्ये सरळ तिरका जातो. पण तिरकं टोक दिसलं की लगेच अक्सिडेन्झ समजू नका. १९८२ च्या एरियलचीही टोकं तिरकी आहेत.

माझी सवय अशी: कोणत्याही चळवळीच्या वळणाचं काम हातात घेतलं की सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहायच्या. मूळ कामाचं साल, टाइपचं साल आणि छपाईची पद्धत. टाइपचं साल कामाच्या सालानंतरचं निघालं, तर तो टाइप त्या कामाचा नाही.

त्याच बेथोव्हेन पोस्टरची आणखी एक गंमत नवशिके हमखास चुकवतात. त्यातल्या काळ्या कमानी अंदाजाने काढलेल्या नाहीत. पट्ट्यांची जाडी दुपटीने वाढत जाते: एक, दोन, चार, आठ. संगीताची लय आकड्यांतून बांधलेली आहे. डोळ्याच्या अंदाजाने काढलेल्या कमानींना ती चढण येत नाही, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी ढिलेपणा कळतो.

देवनागरीवर रोमनची जाळी तशीच ठेवणं

स्विस विचार आपल्याकडे थेट माणसांमार्फत आलेला आहे. स्विस डिझाइनर आर्मिन होफमान १९६५ मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकवायला होते. तेव्हा ‘हे परदेशी, आपल्याला काय उपयोग’ असं म्हणायचं कारण नाही. उपयोग नक्की आहे, पण ग्रिड, म्हणजे पानाची मांडणी बांधणारी खान्यांची जाळी, मुळात ओळीच्या उंचीवरून मोजतात आणि आपल्या ओळीची उंची वेगळी आहे. रोमनमध्ये १० पॉइंट (छपाईतलं माप) अक्षराला १२-१३ पॉइंट ओळअंतर चालतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. तयार टेम्प्लेटमध्ये मराठी मजकूर ओतला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. मग घाईघाईत ओळअंतर वाढवलं जातं, ओळी ग्रिडवरून घसरतात आणि चित्रांच्या कडांशी काहीच जुळत नाही. इथून पुढे जे होतं त्याला ग्रिड म्हणू नये.

गणित आधी करायचं, आणि ते अवघड अजिबात नाही. ए४ कागद ५९५ × ८४२ पॉइंट. अक्षर १२ पॉइंट, ओळअंतर १८ पॉइंट धरा. मजकुराच्या उंचीत ४१ ओळी घ्या, म्हणजे ७३८ पॉइंट. उरले १०४, त्यातले ४४ वर, ६० खाली. उभ्या दिशेने सहा खाने हवेत, तर मध्ये पाच फटी, प्रत्येक फट एका ओळीची. ४१ मधून ५ गेले, ३६ राहिले, प्रत्येक खान्याला सहा ओळी. ४० ओळी घेतल्या असत्या तर ३५ ला सहाने भाग जात नाही. अडचण नेमकी इथेच होते आणि लोक ती खाने ओढूनताणून लपवतात. आडव्या दिशेने बाजूंना ४५-४५ पॉइंट समास, चार स्तंभ, मध्ये १८ पॉइंटच्या तीन फटी, प्रत्येक स्तंभ जवळपास ११२.७५ पॉइंट. एवढ्या अरुंद स्तंभात १२ पॉइंट मराठी ओतू नका. विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटत असल्यामुळे आपले शब्द लांब होतात. दोन स्तंभ जोडून २४३.५ पॉइंटची ओळ घ्या, सहा-सात शब्द बसतात. चित्रओळीसाठी एक स्तंभ ठेवा, पण तिथं अक्षर ९ पॉइंटवर आणा.

आता चित्राची कड. म्युलर-ब्रोकमान यांच्या पद्धतीत चित्राची खालची कड ओळीच्या बेसलाइनवर (रोमन अक्षरं ज्या रेषेवर बसतात तिच्यावर) आणि वरची कड त्या ओळीतल्या उंच अक्षरांच्या माथ्याला टेकते. मराठीत वरची कड शिरोरेषेला लावा. वेलांट्या आणि रफार तिच्यावर खुशाल येऊ देत. डोळा शिरोरेषाच धरतो. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरची जाळी फक्त बेसलाइन पकडते, त्यामुळे वापरत असलेल्या फाँटमध्ये बेसलाइनपासून शिरोरेषेपर्यंतचं अंतर एकदा मोजून घ्यावं लागतं आणि चित्राची चौकट तेवढ्या हिशेबाने खाली सरकवावी लागते. प्रत्येक फाँटचं अंतर वेगळं असतं, म्हणून फाँट बदलला की पुन्हा मोजा. पाच मिनिटांचं काम आहे. मजकुराच्या चौकटीत पहिल्या ओळीचा ऑफसेट ‘असेंट’वर (फाँटच्या वरच्या उंचीवर) राहिला असेल तर तो ‘लीडिंग’ किंवा ‘फिक्स्ड’ करा. देवनागरी फाँटांचा असेंट मात्रांसाठी उंच ठेवलेला असतो आणि पहिली ओळ त्यामुळे उगाच खाली उतरते.

जोडाक्षरं फुटत असतील किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जात असेल, तर परिच्छेदाला इनडिझाइनमधला भारतीय लिप्या नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलेला नाही. कर्निंग (अक्षरांच्या जोड्यांमधलं अंतर) ‘ऑप्टिकल’ ठेवू नका, ‘मेट्रिक्स’ ठेवा. आणि ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमधलं सरसकट अंतर, शून्य. रोमन शीर्षकातली अक्षरं जवळ ओढायची किंवा लांब पसरवायची सवय इथे आणली की शिरोरेषा तुटते किंवा एकमेकींवर चढून सांध्यावर गाठी दिसतात. पसरट शीर्षक हवं असेल तर रुंद फाँट निवडा. ठळकपणासाठी अक्षराला बाहेरून स्ट्रोक देऊ नका. ण, क्ष, ष्ठ यांच्या आतल्या जागा बुजतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेच्या ‘मुक्त’ला सात वजनं (जाडीचे प्रकार) आहेत, त्यातली दोन पुरतात. तीन वजनं वापरणाऱ्याने तिसऱ्याचं कारण सांगावं.

मजकूर डावीकडे सरळ, उजवीकडे मोकळा ठेवा. दोन्ही बाजूंना ताणलेल्या मराठी स्तंभात शब्दांमध्ये जी भोकं पडतात, ती पाहून कोणताही छपाईवाला हळहळेल.

‘मध्यभागी मांडलं की जुनाट’

हा नियम लोक जर्मन टायपोग्राफर यान चिखोल्ड यांच्या नावावर खपवतात. अर्धी गोष्ट खरी आहे. १९२३ मध्ये वायमारला बाउहाउस या जर्मन कला-डिझाइन शाळेचं प्रदर्शन पाहून हा तरुण अक्षरकार भारावून गेला आणि १९२५ ते १९२८ या काळात ‘नवी टायपोग्राफी’ त्यानं अतिशय कडक भाषेत मांडली: असममित मांडणी, सॅन्स सेरिफ (टोकांना फाटे नसलेली अक्षरं), प्रमाणित कागद. मार्च १९३३ मध्ये नाझींनी त्याला म्युनिकमध्ये अटक केली. सुटल्यावर तो कुटुंबासह स्वित्झर्लंडमधल्या बाझलला गेला. गोष्टीचा दुसरा भाग वर्गांमध्ये सांगितला जात नाही. पुढच्या काळात चिखोल्ड पुस्तकांच्या पारंपरिक, मध्यभागी मांडणीकडे वळला. १९४६ मध्ये स्विस डिझाइनर माक्स बिल यांनी झुरिकहून त्याच्यावर जाहीर टीका केली, की हा माणूस मागे फिरला. चिखोल्डनं छापील उत्तर दिलं आणि आपल्याच जुन्या कडवेपणाचं नातं त्या काळातल्या जर्मन हुकूमशाही वृत्तीशी जोडलं. १९४७ ते १९४९ मध्ये इंग्लंडला पेंग्विन या प्रकाशनसंस्थेत बसून त्यानं जे केलं, ते शैलीच्या वादापेक्षा कितीतरी मोलाचं आहे. पेंग्विनची पुस्तकं वेगवेगळ्या छापखान्यांत जुळायची, प्रत्येकाची पद्धत निराळी. त्यानं चार पानांचे जुळणीचे नियम लिहिले: शब्दांमधली जागा किती, परिच्छेदाची पहिली ओळ किती आत, मोठ्या लिपीतल्या अक्षरांत अंतर किती. आणि ते पाळले जातात की नाही यावर नजर ठेवली.

त्यामुळे सममिती की असममिती हे मजकूर बघून ठरवा. लग्नपत्रिकेत मजकूर एका क्रमाने, एकदाच वाचायचा असतो. मध्यभागी मांडणी तिथं उत्तम. परिसंवादाच्या कार्यक्रमपत्रिकेत वेळ, दालन, वक्ता, विषय अशा चार थरांची माहिती असते आणि वाचणारा त्यात शोध घेतो. तिथं डाव्या बाजूचे दोन अक्ष हवेत: एकावर वेळा, दुसऱ्यावर बाकी सगळं. अशी पत्रिका मध्यभागी मांडली की प्रत्येक ओळीची सुरुवात नव्याने शोधावी लागते.

बाउहाउस म्हणजे लाल-पिवळा-निळा

वर्तुळ, चौकोन, त्रिकोण काढून हवे तसे रंग भरतात. १९२३ मध्ये बाउहाउसमध्ये शिकवणाऱ्या चित्रकार कांडिन्स्कीनं मांडलेली जोडी ठरलेली होती: त्रिकोण पिवळा, चौकोन लाल, वर्तुळ निळं. संदर्भ देताय तर नीट द्या. लाल-पिवळा-निळा आणि काळ्या रेघा असतील तर बहुधा तुम्हाला हॉलंडची ‘डे स्टाइल’ ही कलाचळवळ म्हणायचीय, ती १९१७ ची.

फ्युचुरा हा टाइप बाउहाउसचा नाही. तो काढणारे पॉल रेनर तिथं कधी शिकवत नव्हते. टाइप १९२७ चा, फ्रँकफुर्टच्या बाउअर फाउंड्रीचा. ‘बाउहाउस’ नावाचा जो फाँट संगणकात सापडतो, तो १९७५ च्या अमेरिकेतल्या आयटीसी बाउहाउसच्या घराण्यातला. बाउहाउसमधले शिक्षक हेर्बर्ट बायर यांच्या १९२५ च्या ‘युनिव्हर्सल’ अक्षरांवरून तो सुचला, पण त्यात सत्तरीच्या दशकाचा गुबगुबीतपणा आहे. बायर यांचा आग्रह होता मोठी लिपी काढून टाकण्याचा, कारण जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होतं. देवनागरीत हा प्रश्नच नाही. आपल्याकडे श्रेणी दाखवायची ती आकार, वजन आणि जागा यांनी.

बाकीच्या, थोडक्यात

रशियन कन्स्ट्रक्टिव्हिझमच्या (क्रांतीनंतरच्या भौमितिक पोस्टर-शैलीच्या) कामासाठी मराठी अक्षरं ‘स्क्यू’ करून तिरकी करू नका, काने पडके दिसतात. अख्खा मजकूर फिरवा आणि सगळ्या पानावर एकच कोन ठेवा.

रशियन वळण म्हणून आरच्या जागी ‘Я’ घालणं बंद करा. ते ‘या’ असं वाचलं जातं.

काळा-लाल ही जोडी तिथं दोन रंगांच्या छपाईतून पक्की झाली. तिसरा रंग घातला की ताण जातो. लाल रंग काळ्याखाली जात असेल तर काळा ओव्हरप्रिंट (लालवरच छापलेला) ठेवा, नाहीतर यंत्रावर कागद जरा सरकला की पांढरी कड दिसते.

जर्मन ‘गॉथिक’ अक्षरं म्हणजे नाझी, असं सरसकट धरू नका. ३ जानेवारी १९४१ च्या आदेशाने नाझी सत्तेनंच त्यांचा वापर थांबवला.

इंग्रज कलाकार विल्यम मॉरिस यांच्या केल्मस्कॉट या छापखान्याची, म्हणजे १८९१ नंतरची, वेलबुट्टीची चौकट उचलताना आतला मजकूर नाजूक फाँटात ठेवू नका. तिथं मजकूर आणि चौकट यांचा काळेपणा मुद्दाम सारखा राखलेला आहे. डोळे बारीक करून पानाकडे बघा. चौकट आधी दिसली तर मजकूर एक वजन वाढवा, किंवा चौकटीची रेघ बारीक करा.

१९६६ ची सॅन फ्रान्सिस्कोची वितळती अक्षरं ‘आर्ट नूव्हो’ म्हणून दाखवू नका. पोस्टरकार वेस विल्सन यांनी ती व्हिएन्ना सेसेशन या कलाकारगटाच्या आल्फ्रेड रोलर यांच्या अक्षरांवरून घेतली.

आणि ‘डेव्हिड कार्सननं (अमेरिकी मासिक-डिझाइनर) तर अख्खी मुलाखत डिंगबॅट्समध्ये (अक्षरांऐवजी चिन्हं असलेल्या फाँटमध्ये) लावली होती’ हे सांगून न वाचता येणारं पान कुणी पुढे केलं, तर त्याला आधी वोल्फगांग वाइनगार्टचं काम दाखवा. बाझलमध्ये नियम मोडणारा हा माणूस छपाईचे खिळे जुळवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेला होता. मोडलेला प्रत्येक नियम त्याच्या हाताला माहीत होता. ते पान प्रत्यक्ष मापात, काळ्या-पांढऱ्यात छापून भिंतीवर लावायला सांगा आणि तीन मीटरवर उभं राहून कार्यक्रमाची तारीख वाचायला सांगा. तारीख वाचता आली नाही तर पान परत टेबलावर.